स्पर्धा आणि संकेत : सुवाह्य संगीतयंत्रांच्या इतिहासाची एक चिकित्सा

स्पर्धेतून नवनिर्मिती होते, हे विधान इतक्या सहजतेने केले जाते की, तो सिद्ध झालेला सिद्धांत आहे की केवळ सोयीचे गृहीतक आहे, हे तपासून पाहण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही. अर्थशास्त्रात मात्र या प्रश्नाचा अखेरचा निकाल लागलेला नाही. जोसेफ शुंपेटर यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कॅपिटॅलिझम, सोशॅलिझम अँड डेमॉक्रसी' या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, नवनिर्मितीचा खर्च आणि धोका पत्करण्याचे सामर्थ्य बव्हंशी मोठ्या उद्योगसंस्थांच्याच ठायी असते. याउलट केनेथ ॲरो यांनी १९६२ मधील आपल्या निबंधात असे दाखविले की, ज्याची मक्तेदारी आहे त्याला नव्या शोधापासून मिळणारा लाभ हा काही अंशी त्याच्याच जुन्या लाभाची जागा घेतो. यास्तव स्पर्धेत असलेल्या उत्पादकाची शोधाविषयीची ओढ अधिक तीव्र असते. दोन्ही मते विचारार्ह आहेत. तथापि त्यांच्या अनुषंगाने पुढे जो वाद झाला त्यात स्पर्धा ही बहुधा एक राशी मानली गेली. ती किती आहे, अल्प की अधिक, एवढेच विचारले गेले. ती कशासाठी आहे, हा प्रश्न मागे राहिला.

खिशात बाळगता येईल अशा संगीतयंत्राचा इतिहास हा दुसरा प्रश्न विचारण्यास विशेष उपयुक्त आहे. हा इतिहास आटोपशीर आहे: १९७९ मध्ये सोनी कंपनीचा वॉकमन बाजारात आला आणि १० मे २०२२ रोजी ॲपल कंपनीने आयपॉडचे उत्पादन थांबविल्याचे जाहीर केले. या त्रेचाळीस वर्षांत सोनी, फिलिप्स, मात्सुशिता, ॲपल व मायक्रोसॉफ्ट अशा बलाढ्य संस्था एकमेकींसमोर उभ्या ठाकल्या. स्पर्धा तर अव्याहत होती. परंतु नवनिर्मिती मात्र सर्व काळ सारख्या प्रमाणात झाली नाही. काही कालखंडांत ती ओसंडून वाहिली, तर काहींत ती कुंठित झाली. या भेदाचे कारण स्पर्धेच्या मात्रेत नसून तिच्या विषयात आहे, असे प्रस्तुत विवेचनाचे प्रमेय आहे.

येथे 'संकेत' या संज्ञेचा अर्थ निश्चित करणे अवश्य आहे. भाषाविचारात संकेत म्हणजे वक्ता आणि श्रोता यांच्यामधील तो पूर्वनिश्चित करार, ज्याच्या आधारे ध्वनीपासून अर्थाचा बोध होतो. ध्वनिमुद्रणातही असाच एक करार असतो. फितीची रुंदी किती, तिचा वेग किती, अंकांच्या कोणत्या मांडणीत ध्वनी साठवावयाचा आणि ती मांडणी कोणत्या यंत्राने उलगडावयाची, या सर्व नियमांच्या समुच्चयास येथे ध्वनिसंकेत म्हटले आहे. हा संकेत समाईक असेल तर एकाने मुद्रित केलेले गीत दुसऱ्याच्या यंत्रावर ऐकता येते. उत्पादकांची स्पर्धा मग दोन प्रकारची संभवते. एक, सर्वांनी एकच संकेत मान्य करून त्याच्या अंतर्गत अधिक चांगले यंत्र कोण घडवितो याविषयीची. आणि दुसरी, संकेतच कोणाच्या मालकीचा असावा याविषयीची. पहिलीस संकेतांतर्गत स्पर्धा आणि दुसरीस संकेतस्वामित्वाची स्पर्धा म्हणता येईल. एकाच भाषेत लिहिणाऱ्या दोन कवींची चढाओढ आणि भाषा कोणाची चालावी याविषयी दोन सत्ताधीशांचा झगडा, यांत जे अंतर आहे तेच या दोहोंत आहे.

प्रथम कॅसेटचा विचार करू जाता असे दिसते की, तिचे समाईकत्व आपोआप सिद्ध झाले नव्हते. फिलिप्स कंपनीने लू ऑटेन्स यांच्या मार्गदर्शनाखाली तयार केलेली छोटी कॅसेट १९६३ मध्ये बर्लिन येथील प्रदर्शनात मांडली. दोनच वर्षांनी ग्रुंडिग कंपनीने आपली निराळी, मापाने न जुळणारी कॅसेट पुढे आणली. या प्रसंगी सोनी कंपनीची मैत्री दोन्ही पक्षांस हवी होती. सोनीच्या वतीने नोरिओ ओगा यांनी फिलिप्सच्या कॅसेटला अनुकूलता दर्शविली, परंतु तिच्या वापरासाठी स्वामित्वशुल्क देण्याचे नाकारले. अखेर फिलिप्सने ती कॅसेट विनाशुल्क सर्वांस खुली केली; मात्र ठरलेली मापे प्रत्येकाने काटेकोर पाळावीत अशी अट घातली. ३.८१ मिलिमीटर रुंदीची ती फीत दर सेकंदास ४.७६ सेंटिमीटर या वेगाने जगभर सर्वत्र फिरू लागली, ती या निर्णयामुळे. स्पर्धेनेच येथे संकेत खुला करविला ही गोष्ट दृष्टिआड करता कामा नये. ग्रुंडिगचे भय नसते, तर फिलिप्सचे औदार्य प्रकट झाले असते की नाही, याची शंका आहे.

या खुल्या संकेताच्या आधारावर वॉकमन उभा राहिला. १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये तेहतीस हजार येन किमतीस विक्रीस आलेल्या या यंत्रात तांत्रिकदृष्ट्या नवे असे फार थोडे होते. वार्ताहरांसाठी बनविलेल्या एका छोट्या ध्वनिमुद्रकातून मुद्रणाची सोय आणि ध्वनिवर्धक काढून टाकून त्याला स्टिरिओ श्रवणाची सोय आणि अवघ्या पन्नास ग्रॅमांच्या आसपास वजनाचे कर्णयंत्र जोडण्यात आले. त्याअगोदर, १९७७ मध्ये, आंद्रेआस पावेल या जर्मन-ब्राझीलियन गृहस्थाने अंगावर बाळगावयाच्या स्टिरिओ यंत्राच्या कल्पनेचे एकस्व इटलीत मागितले होते, आणि दीर्घ न्यायालयीन वादानंतर सोनीला त्याच्याशी तडजोड करावी लागली. तेव्हा मूळ कल्पना मोठ्या संस्थांच्या स्पर्धेतूनच जन्मते असेही म्हणता येत नाही. तथापि वॉकमननंतर जे घडले ते निःसंशय स्पर्धेचे फळ होय. तोशिबा, मात्सुशिता, सान्यो आदी संस्था एकाच कॅसेटसाठी यंत्रे बनवू लागल्या, आणि आकार, वजन, विद्युत्‌घटाचे आयुष्य व ध्वनीची शुद्धता यांपैकी कशात तरी दुसऱ्यास मागे टाकल्यावाचून कोणासही तरणोपाय उरला नाही. १९८३ मध्ये सोनीने जवळजवळ कॅसेटच्या डबीएवढाच वॉकमन बाजारात आणला. फीत न काढता तिची दुसरी बाजू वाजविणारी यंत्रे आली, नभोवाणी आली, किमती उतरल्या. ग्राहकाला मात्र यंत्र बदलताना आपल्या कॅसेटी टाकून द्याव्या लागल्या नाहीत. प्रतिस्पर्ध्याचे यंत्र घेणे त्याला सहजसाध्य होते, आणि म्हणूनच प्रत्येक उत्पादक जागा राहिला.

या खुलेपणाची एक शाखा महाराष्ट्रातही पोहोचली. ग्रामोफोनच्या काळात भारतातील ध्वनिमुद्रणावर एका मोठ्या कंपनीचे जवळजवळ एकछत्री वर्चस्व होते. कॅसेटचा संकेत खुला आणि प्रती काढण्याचा खर्च अल्प असल्यामुळे १९८० नंतरच्या दशकात अनेक लहानमोठे उत्पादक पुढे आले. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'कॅसेट कल्चर' या ग्रंथात उत्तर भारताविषयी हीच प्रक्रिया सविस्तर वर्णिली आहे. इकडे भजने, भारुडे, लोकगीते आणि भीमगीते यांच्या ध्वनिफिती जत्रांतून आणि बसस्थानकांवरील दुकानांतून विकल्या जाऊ लागल्या. ज्या गायकांस ग्रामोफोनच्या तबकडीवर स्थान मिळणे दुरापास्त होते, त्यांचा आवाज गावोगावी पोहोचला. यंत्राच्या क्षेत्रातील नवनिर्मिती आणि गीतांच्या क्षेत्रातील नवनिर्मिती या दोहोंचे मूळ एकाच निर्णयात होते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

आता याच्या उलट स्वरूपाचे उदाहरण पाहावयाचे. सोनी आणि फिलिप्स यांनी परस्पर सहकार्याने सिद्ध केलेली सीडी १९८२ मध्ये बाजारात आली, आणि १९८४ मध्ये सोनीने सीडी वाजविणारे सुवाह्य यंत्रही विकावयास काढले. परंतु कॅसेटची वारसदार कोणती, या प्रश्नावर हे दोन सहकारी परस्परांपासून विभक्त झाले. १९९२ मध्ये सोनीने मिनीडिस्क आणली, तर फिलिप्सने मात्सुशिताच्या साहाय्याने अंकीय कॅसेट आणली. केवळ शोधबुद्धीच्या दृष्टीने पाहता दोन्ही कृती कौतुकास्पद होत्या. मिनीडिस्कची ६४ मिलिमीटरची तबकडी पुनःपुन्हा मुद्रित करता येत असे, आणि धक्का बसला तरी गाणे तुटू नये म्हणून काही क्षणांचा ध्वनी आधीच स्मृतिकोशात साठविण्याची योजना तिच्या यंत्रात होती. फिलिप्सच्या यंत्रावर जुन्या कॅसेटीही वाजत. मात्र एकाचे गीत दुसऱ्याच्या यंत्रावर वाजणे अशक्य होते. परिणामी मुद्रित संगीताचे व्यापारी साशंक झाले आणि ग्राहक थबकला. फिलिप्सची अंकीय कॅसेट चार वर्षांतच, १९९६ मध्ये, बंद पडली. मिनीडिस्कला जपानात चांगला आश्रय मिळाला, तरी जगात अन्यत्र ती सीडी किंवा कॅसेटची जागा घेऊ शकली नाही. शोध लागले, पण ते रुजले नाहीत. शुंपेटर यांनी शोध आणि नवप्रवर्तन यांत जो भेद केला आहे, त्याचे याहून समर्पक उदाहरण क्वचितच आढळेल. संकेतस्वामित्वाची स्पर्धा शोधांस जन्म देते. ती त्यांस नांदू देत नाही.

एमपी-३ चा प्रसंग आणखी बोधप्रद आहे. हा संकेत जर्मनीतील फ्राउनहोफर संस्था व अन्य संशोधक यांच्या परिश्रमातून आणि आंतरराष्ट्रीय प्रमाणसमितीच्या संमतीने १९९० नंतरच्या काही वर्षांत सिद्ध झाला. त्यावर एकस्वे होती, शुल्कही होते. परंतु शुल्क भरणाऱ्या कोणासही तो वापरण्याची मुभा होती. १९९८ मध्ये दक्षिण कोरियातील साएहान या कंपनीने एमपीमॅन आणि अमेरिकेतील डायमंड मल्टिमीडियाने रिओ ही यंत्रे विक्रीस आणली. रिओमध्ये केवळ ३२ मेगाबाइट, म्हणजे सुमारे अर्ध्या तासाचे संगीत मावत असे. ध्वनिमुद्रण व्यवसायाच्या संघटनेने त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, परंतु १९९९ मध्ये अपील न्यायालयाने निर्णय रिओच्या बाजूने दिला. मोठ्या संस्थांपैकी कोणीही हे दार उघडले नव्हते, ही गोष्ट शुंपेटर यांच्या पक्षास अडचणीची आहे. सोनीजवळ तर तंत्रज्ञान, नाव आणि द्रव्य यांपैकी कशाचीच वाण नव्हती. परंतु १९८८ मध्ये सोनीने अमेरिकेतील सीबीएस रेकॉर्ड्स विकत घेतली होती. एका हाताने यंत्रे आणि दुसऱ्या हाताने गीते विकणाऱ्या या संस्थेला गीतांच्या मुक्त संचाराचे भय वाटणे स्वाभाविक होते. १९९९ मधील तिची अंकीय यंत्रे एमपी-३ थेट वाजवीत नसत. गीताचे सोनीच्या स्वतःच्या, कुलूपबंद संकेतात रूपांतर करावे लागे. २००४ पर्यंत सोनी या हट्टास चिकटून राहिली. ॲरो यांनी सांगितलेला नियम, जुना लाभ नव्याच्या आड येतो तो, येथे तंतोतंत लागू पडतो.

येथे एक आक्षेप उपस्थित होण्याचा संभव आहे. या क्षेत्रातील सर्वांत यशस्वी यंत्र म्हणजे आयपॉड. आणि आयपॉड तर बंदिस्त व्यवस्थेचा नमुना म्हणून प्रसिद्ध आहे. मग बंदिस्तपणा नवनिर्मितीस मारक कसा? हा आक्षेप बळकट असला तरी कालक्रम ध्यानात घेतल्यास त्याचे बळ बरेच कमी होते. २३ ऑक्टोबर २००१ रोजी सादर झालेल्या पहिल्या आयपॉडमध्ये तोशिबाची १.८ इंची, ५ गिगाबाइटची तबकडी होती. क्रिएटिव्ह कंपनीचे याहूनही अधिक साठवण असलेले यंत्र एक वर्ष आधीच विक्रीस आले होते. परंतु त्याचा आकार सीडी वाजविणाऱ्या यंत्राएवढा होता. आयपॉडचे वैशिष्ट्य त्याच्या आटोपशीर घडणीत, निवडचक्राच्या सोयीत आणि संगणकावरून गीते जलद उतरवून घेण्यात होते. ही गीते कोणती? श्रोत्याने आपल्या सीडींवरून उतरविलेली आणि एमपी-३ मध्ये साठविलेली. म्हणजे आयपॉडचे पहिले यश दोन समाईक संकेतांच्या पायावर उभे होते. ॲपलचे गीतविक्रीचे दुकान २८ एप्रिल २००३ रोजी उघडले, आणि ९९ सेंटांस विकल्या जाणाऱ्या कुलूपबंद गीतांचा प्रश्न त्यानंतरचा आहे.

कुलूप लागल्यानंतर स्पर्धेचे स्वरूप कसे पालटले हे पाहण्यासारखे आहे. २००४ मध्ये रिअलनेटवर्क्स कंपनीने आपली गीते आयपॉडवर वाजतील अशी युक्ती योजिली; ॲपलने तिचा जाहीर निषेध केला आणि पुढील सुधारणांद्वारे ती निष्प्रभ केली. २००६ मध्ये ॲपलने क्रिएटिव्ह कंपनीशी एकस्वाच्या वादात तडजोड करून दहा कोटी डॉलर दिले. यंत्रे अधिक पातळ आणि अधिक स्वस्त होत गेली हे खरे. आयपॉड नॅनो हे त्याचे उत्तम उदाहरण होय. परंतु बुद्धीचा आणि द्रव्याचा मोठा वाटा आता वाट अडविण्यात आणि अडविलेली वाट ओलांडण्यात खर्ची पडू लागला.

मायक्रोसॉफ्टचे उदाहरण या दृष्टीने करुण आहे. २००४ मध्ये तिने अनेक उत्पादकांच्या यंत्रांवर एकाच प्रकारची कुलूपबंद गीते वाजतील अशी योजना सुरू केली आणि ती निश्चित वाजतील अशा आशयाचे नावही योजनेस दिले. दोन वर्षांनी, १४ नोव्हेंबर २००६ रोजी, तिने स्वतःचे झून हे यंत्र आणले. आणि त्या यंत्रावर त्याच योजनेतील गीते वाजेनात. ज्या भागीदार उत्पादकांनी तिच्या वचनावर विसंबून यंत्रे घडविली होती ते उघड्यावर पडले. झूनमध्ये एक कल्पना खरोखर अभिनव होती: एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात बिनतारी मार्गाने गीत पाठविता येई. परंतु घेणाऱ्यास ते तीन दिवसांत, आणि तेही तीनच वेळा, ऐकता येत असे. नवी कल्पना जन्मास यावी आणि जन्मदात्यानेच तिचे पाय बांधावेत, असा हा प्रकार होता. २०११ मध्ये झूनचे उत्पादन संपले. दरम्यान २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या जुन्या गीतविक्री सेवेतील कुलपांच्या किल्ल्या पुरविणे थांबविण्याचे जाहीर केले, आणि ग्राहकांनी तीव्र विरोध केल्यानंतर ती मुदत पुढे ढकलावी लागली. पैसे मोजून घेतलेले गीत आपले आहे की नाही, हा प्रश्न तेव्हा प्रथमच सामान्य श्रोत्यासमोर इतक्या उघडपणे उभा राहिला.

या दोन प्रकारच्या स्पर्धांचा ठसा भाषेतही उमटला आहे. 'वॉकमन' हे नाव इंग्रजी घटकांपासून जपानात घडविलेले. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये ते प्रथम रुचणार नाही या समजुतीने तेथे निराळी नावे दिली गेली. परंतु लोकांनी 'वॉकमन'च उचलले. तोशिबाने आपल्या यंत्रास 'वॉकी' असे नाव दिले, ते याच कारणामुळे. २००२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तर हा शब्द जातिवाचक झाल्याचे मान्य केले. मराठीतही कोणत्याही कंपनीच्या खिशातील कॅसेटयंत्रास 'वॉकमन'च म्हटले जाई, आणि 'कॅसेट' स्त्रीलिंगी तर 'वॉकमन' पुल्लिंगी अशी त्यांची व्याकरणातील सोय मराठीने विनातक्रार लावून टाकली. 'आयपॉड' मात्र बहुतांशी विशेषनामच राहिले. कारण उघड आहे. वॉकमनसारखी, तीच कॅसेट वाजविणारी शंभर यंत्रे होती. म्हणून जातिवाचक शब्दाची गरज होती. आयपॉडभोवती कुंपण होते, आणि कुंपणातील वस्तूस विशेषनाम पुरेसे होते. संकेत खुला असला की नामही खुले होते, असे म्हणण्यास येथे आधार मिळतो. अर्थात हा नियम नव्हे. परंतु अन्य यंत्रनामांच्या आधारे त्याची पडताळणी करणे अभ्यासकांस शक्य आहे.

या चर्चेचा संबंध केवळ यंत्रांशी आहे असे मानण्याचे कारण नाही. मराठी अक्षरजुळणीच्या क्षेत्रात १९९० नंतरच्या दशकात हीच कथा घडली. भारतीय लिप्यांसाठी १९९१ चे राष्ट्रीय प्रमाण उपलब्ध होते, आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही निघाली. तथापि मुद्रणव्यवहारात प्रत्येक उत्पादकाचा अक्षरसंच आपापल्या संकेतानुसार चाले. अक्षरांच्या वळणात स्पर्धा झाली आणि सुंदर वळणेही निपजली. पण एका संचात जुळविलेला मजकूर दुसऱ्यात उघडला असता निरर्थक चिन्हांची रांग दिसे. त्या काळात जुळविलेले कितीतरी मराठी ग्रंथ आणि नियतकालिके रूपांतर केल्यावाचून आज संगणकास वाचता येत नाहीत, आणि मराठीचा शब्दसंग्रह वा भाषिक सामग्री संकलित करणाऱ्या प्रत्येक अभ्यासकास या अडथळ्याशी झुंजावे लागते. संकेतस्वामित्वाच्या स्पर्धेची किंमत येथे एका भाषेच्या स्मृतीने चुकती केली आहे.

सारांश, मोठ्या संस्थांची स्पर्धा नवनिर्मितीस पोषक की मारक, या प्रश्नास सरसकट उत्तर नाही. एकाच कॅसेटसाठी झगडणाऱ्या उत्पादकांनी दशकभरात यंत्राचा कायापालट केला. दोन न जुळणाऱ्या तबकडी-फितींसाठी झगडणाऱ्यांनी उत्तम शोध लावून ते वाया घालविले. ग्रुंडिगच्या भयाने फिलिप्सचा संकेत खुला झाला, तसेच कुलूपबंद गीतांविरुद्धच्या वाढत्या असंतोषाने २००९ मध्ये ॲपलनेही आपल्या दुकानातील गीतांची कुलपे काढण्याचे जाहीर केले. म्हणजे स्पर्धा संकेत खुला करवू शकते. पण ती तो करवीलच असे नाही, आणि न करविल्यास भुर्दंड उत्पादकापेक्षा श्रोत्यास अधिक बसतो. आज संगीत भ्रमणध्वनीत सामावले आहे, आणि स्पर्धा यंत्रांची न राहता मासिक वर्गणीवर गीते ऐकविणाऱ्या सेवांची झाली आहे. तेथे श्रोत्याजवळ कॅसेटही नसते आणि एमपी-३ ही नसते. वर्गणी थांबली की त्या सेवेतील संग्रहही संपतो. या नव्या क्षेत्रात स्पर्धा भरपूर आहे म्हणून समाधान मानणाऱ्याने, एका सेवेतील आपला संग्रह दुसरीत किती सुलभतेने नेता येतो, हे आधी पाहावे. स्पर्धेची खरी परीक्षा तेथे आहे.